सिस्टरबाईंचं चर्च आणि समितीचं कुलूप

अन्याय झाला तो आमच्या गावच्या सिस्टरबाईंवर. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी, चोवीस डिसेंबरला, दिवेलागणीच्या वेळी. त्या मेणबत्त्यांचा डबा घेऊन चर्चच्या पायऱ्या चढल्या आणि दाराला कुलूप होतं. ज्या चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं, ज्या चर्चमधून त्यांच्या नवऱ्याची पेटी निघाली, त्याच चर्चच्या दाराला. कुलूप कुणा गुंडाने लावलं नव्हतं. ज्यांनी ते चर्च पडण्यापासून वाचवलं, त्यांनीच लावलं होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या जिल्ह्यात सध्या या चर्चची जी गोष्ट सांगतात तिच्यात सिस्टरबाई कुठेच नाहीत. त्या गोष्टीत एक पडकी वास्तू असते, मग जागरूक नागरिक येतात, मग पिवळे दिवे लागतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या मीही वाजवल्या. त्याची मला लाज नाही. पण ती गोष्ट अर्धी आहे, आणि राहिलेली अर्धी सांगायला मला कुणाची परवानगी नको.

आमचं गाव बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, शाहपूरच्या अलीकडे, तापीकाठच्या काळ्या मातीत. तीन बाजूंनी केळी, चौथ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्याला लागून चर्च. फार मोठं नाही. शाळेच्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल एवढं. विटांच्या भिंती, कौलं, दारावर एक गोल खिडकी. तिच्या काचा आमच्या क्रिकेटने फोडल्या. मागच्या भिंतीला चिकटून दवाखान्याची खोली. मिशनवाल्यांनी बांधलं म्हणतात. कधी बांधलं, ते गावात प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो आणि प्रत्येक जण आपण स्वतः बघितल्यासारखं सांगतो.

सिस्टरबाई म्हणजे मठातल्या सिस्टर नव्हेत. त्या नर्स. दवाखान्याला सरकारी डॉक्टर कधी असायचा, कधी नसायचा. सिस्टरबाई मात्र कायम. माझ्या वयाची गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, मीसुद्धा. स्वभावाने देवमाणूस वगैरे काही नाहीत. फटकळ बाई. लहानपणी सुईला घाबरून मी रडले की म्हणायच्या, "गप्प बस. तुला बाहेर काढताना तुझ्या आईने एवढा गोंधळ नव्हता घातला." आई बाजूला उभी राहून हसायची.

ख्रिश्चन घरं गावात आधी बरीच होती, मग तीन उरली, मग पोरं इंदूरला-पुण्याला गेली आणि म्हातारे त्यांच्या मागे गेले. सिस्टरबाई गेल्या नाहीत. पाद्री बाहेरगावाहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी त्या एकट्याच दार उघडायच्या, झाडायच्या आणि पहिल्या बाकावर बसून मोठ्याने वाचायच्या. मोठ्याने का, तर मागच्या बाकांवर माणसं असायची. आमची माणसं. बाजाराला जाणाऱ्या बायका "जरा टेकते" म्हणून बसायच्या. मे महिन्यात घड कापून दमलेली गडीमाणसं कडेच्या फरशीवर पाठ टेकायची. सिस्टरबाई वाचता वाचता थांबून म्हणायच्या, "घोरू नका. घोरायचं तर घरी जा." माझ्या मावशीने मावसभावाच्या परीक्षेसाठी तिथे मेणबत्तीचा नवस बोलला होता. पोरगा पास झाला, तेव्हा मावशीने मेणबत्ती लावली आणि नारळही फोडला. सिस्टरबाईंनी खोबरं खाल्लं. आईला ख्रिस्ताविषयी फारसं काही ठाऊक नव्हतं. तिला सिस्टरबाई ठाऊक होत्या, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

आता चुन्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

दिवाळीआधी आमच्याकडे घरं चुन्याने पोततात. हल्ली पुढच्या खोलीला डिस्टेंपर आलं, पण न्हाणी, गोठा, मागची भिंत यांना चुनाच. आणि एक रीत आहे. भिजवलेला चुना उरला तर तो घरात ठेवायचा नाही आणि उकिरड्यावर ओतायचाही नाही. उरलेला चुना गावाचा. तो मारुतीच्या ओट्याला जातो, विहिरीच्या कठड्याला जातो, पिराच्या भिंतीला जातो. चर्च या सगळ्यांत मोठं, म्हणून जास्त चुना तिकडेच जायचा. धनत्रयोदशीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत बायका बादल्या घेऊन निघायच्या. कुणाच्या चुन्यात नीळ जास्त पडलेली, कुणी पिवळी माती कालवलेली, कुणाचा नुसताच पांढरा. त्यामुळे चर्चची भिंत एका रंगाची कधीच नव्हती. सिस्टरबाई खाली उभ्या राहून मुकादमी करायच्या. "अगं, वर मार, वर! खालीच थोपते आहेस. देव काय बुटका आहे का?"

असे किती थर बसले होते देव जाणे. एकाही थरावर कुणाचं नाव नव्हतं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले आले आणि चर्चच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. गावात कुणी फार हललं नाही. मी हलले. बुऱ्हाणपूरला कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला शिकले होते. आमच्या वसतिगृहाच्या पाण्यावरून, बसच्या पासावरून, कशाकशावरून लिहिली होती. फुली बघितल्यावर हात शिवशिवले. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मी विषय काढला, तर माझे सख्खे काकाच उखडले.

"तुला काय करायचं चर्चचं? बाटली बिटली का काय?"

"काका, तुम्ही जन्मलात कुठे?"

"दवाखान्यात."

"दवाखाना कुठे आहे?"

"दवाखाना येगळा, चर्च येगळं, बाय."

"मधली भिंत एकच आहे."

टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, "दीवार एक है तो दोनों साथ में जाएंगे. टेन्शन मत ले."

सगळी टपरी हसली. काका सगळ्यांत जास्त हसले. मी घरी येऊन पत्रक लिहिलं.

त्या पत्रकात मी 'चर्च' हा शब्द मथळ्यात घातला नाही. 'वारसा' घातला. मुद्दाम घातला. 'चर्च वाचवा' म्हटलं असतं तर काकांसारखा माणूस कागदाची पुडी करून तंबाखू ठेवणार. 'आपला वारसा वाचवा' म्हटलं की तोच माणूस थांबतो, कारण 'आपला' म्हटलंय. देवळात न जाणाऱ्याला देऊळ, मशिदीत न जाणाऱ्याला मशीद आणि चर्चमध्ये न जाणाऱ्याला चर्च आपलं वाटायला एक शब्द लागतो, आणि तो शब्द हा आहे. त्या शब्दाने प्रार्थना न करणाऱ्यालाही त्या दारावर हक्क मिळतो. मला तो हक्क हवा होता. नंतर समितीतल्या लोकांनी मला वारंवार ऐकवलं की हा शब्द तुझाच आहे. आहेच. मी तो मागे घेतलेला नाही, घेणारही नाही.

पत्रक बुऱ्हाणपूरला पोचलं आणि तिथल्या काही मंडळींनी समिती काढली. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनिअर, बाकी एक प्राध्यापक, एक हॉटेलवाले, एक तरुण आर्किटेक्ट मुलगी. नावं लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत. त्यांनी भोपाळपर्यंत चकरा मारल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं, अधिकाऱ्यांना उन्हात आणून भिंत दाखवली. चर्च ज्यांच्या ताब्यात होतं त्यांना छप्पर दुरुस्त करायला कुणीतरी मिळालं याचाच आनंद. त्यांनी देखभाल समितीकडे सोपवली. आणि रस्ता वळला! खरंच वळला. आजही शाहपूरकडे जाताना तिथे गाडी डावीकडे झुकते. त्या दिवशी गावात ढोल वाजला आणि टपरीवाल्याने मला चहा फुकट पाजला.

मग समितीची मंडळी पहिल्यांदा गावाच्या निमंत्रणावरून, रीतसर पाहणीला येणार असं ठरलं. इथे आमच्या गावाने ते केलं जे आमचंच गाव करू शकतं. पाहुणे येणार, फोटो काढणार, पेपरात येणार, म्हटल्यावर सरपंचांनी सभा घेतली. घरी सोयरीक जमवायला माणसं येणार असली की आपण काय करतो? पुढची भिंत रंगवतो. मग चर्चची नको का? मंगल कार्यालयाच्या कामातून गुलाबी ऑइल पेंटचे डबे राहिले होते. गणेश मंडळाच्या पोरांनी एका दिवसात अख्खं चर्च गुलाबी केलं. दाराच्या चौकटीला हिरवा पट्टा. मी त्या दिवशी खकनारला गेले होते, परत आले आणि रस्त्यावरूनच दिसलं. संध्याकाळच्या उन्हात ते असं काही चकाकत होतं की मला हसू आवरेना. सिस्टरबाई पायरीवर बसल्या होत्या.

"काय म्हणता, सिस्टरबाई?"

"बर्थडेचा केक दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण पोरांनी मनापासून केलं. हात बघ कसे झालेत मेल्यांचे."

दुसऱ्या दिवशी समितीची गाडी आली. अध्यक्ष खाली उतरले, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ये... ये किसने किया?"

"हमने, सर!" सरपंच छाती काढून. "पूरे गाव ने मिलके. दो कोट मारे हैं, दो!"

आर्किटेक्ट मुलगी तिथेच दगडावर बसली. पाहुण्यांसाठी केलेली भजी कुणी खाल्ली नाहीत. गाडी निघून गेली. मंडळाची पोरं एकमेकांकडे बघत होती. सरपंच दोन दिवस टपरीवर आले नाहीत.

ती लाज पुढे फार उपयोगी पडली. आम्हाला नव्हे, समितीला. त्यानंतर कामाचं काहीही आम्हाला विचारायचं कारणच उरलं नाही. "गाववालों के हाथ में दिया तो क्या हाल करते हैं, देखा न?" एवढं म्हटलं की झालं. आणि गावानेही ते मान्य केलं, हे त्याहून वाईट. "आपल्याले काय समजतं त्याच्यातलं," असं काका म्हणू लागले. ज्यांनी वर्षानुवर्षं कुणी न सांगता त्या भिंतीला हात लावला, त्या बायकाही तसंच म्हणू लागल्या. मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते: तो गुलाबी रंग चूक होती, गुन्हा नव्हता. पाहुण्यांसाठी घर सजवण्याला गुन्हा म्हणत असाल, तर या देशातलं एकही घर सुटणार नाही.

मग कारागीर आले, भोवती पत्र्यांचा आडोसा लागला, भिंती खरवडल्या. गुलाबी गेला, आणि त्याच्याखालचा सगळा चुनाही गेला. निळा, पिवळा, पांढरा, पापुद्र्यांचे ढीग पायथ्याशी पडले आणि ट्रॉलीतून गेले. आतून लाल वीट निघाली. सुंदर निघाली, खोटं कशाला बोलू! काम चालू होतं तोवर सिस्टरबाई घरीच वाचायच्या. छप्परच नव्हतं, तक्रार करणार कोण? "होऊ दे नीट," म्हणायच्या. "नाताळपर्यंत झालं म्हणजे पुरे."

नाताळच्या आठवडाभर आधी उद्घाटन झालं. दिवे लागले, सतारवादन झालं, सिस्टरबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली आणि शालही दिली. अध्यक्षांनी भाषणात त्यांना 'या वास्तूची जिवंत आठवण' म्हटलं. बाकांपुढे लाल दोरी होती, ती कार्यक्रमापुरती असेल असं आम्हाला वाटलं. दाराशेजारी फलक होता: वारसा वास्तू, हात लावू नये, आत धार्मिक विधी करू नयेत. तो त्या दिवशी फुलांच्या माळेखाली अर्धा झाकला होता. मी माळ बाजूला सारून वाचला. वाटलं, हे 'हात लावू नये'सारखंच, लिहायचं म्हणून लिहिलेलं.

ते लिहायचं म्हणून लिहिलेलं नव्हतं. ते चोवीस तारखेला कळलं.

पहारेकरी म्हणून समितीने गावातलाच एक तरुण ठेवला होता, तोही सिस्टरबाईंच्याच हातचा. सिस्टरबाई आल्या तेव्हा मी आणि आई पाठोपाठ होतो. दर वर्षी आई त्यांना करंज्या द्यायची, त्या घेऊन. पहारेकरी खुर्चीवरून उठून उभा राहिला, पण दाराकडे वळला नाही.

"सिस्टरबाई, चावी हाय माझ्यापाशी, पण उघडता येत नाही. साहेब बोलले, प्रोग्राम असंल तरच."

"हा प्रोग्रामच आहे. दोन हजार वर्षं चालू आहे."

"नौकरी जाईल माझी, सिस्टरबाई."

"तुझी नाळ कापली तेव्हा तुला नोकरी होती का रे?"

मागे जमलेल्यांतून कुणीतरी हसलं. तो पोरगा हसला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि तो किल्ली मुठीत धरून उभा होता. मला त्याचा राग आला नाही. ज्यांचा यायला हवा होता त्यांना मी फोन लावला.

अध्यक्ष नेहमीसारखे गोड बोलले. "बेटा, आप तो समझदार हैं. आपने ही लिखा था, ये सबका है. आज एक को पूजा करने देंगे, कल दूसरा माँगेगा. इसको सेक्युलर रखना है न?"

"तो सबके लिए खोलिए, सर. ताला लगाके सबका कैसे हुआ?"

"जनवरी की मीटिंग में रखते हैं," ते म्हणाले, आणि नाताळच्या शुभेच्छा देऊन त्यांनी फोन ठेवला. पाठोपाठ त्यांनी मला काही फोटो पाठवले. परदेशातली चर्चेस: एकात पुस्तकांची कपाटं, एकात कॉफीची टेबलं, एकात चित्रांचं प्रदर्शन. खाली लिहिलं होतं, बघा, प्रगत देशांत असं करतात.

तोवर सिस्टरबाईंनी पायरीवर मेणबत्त्या लावायला घेतल्या होत्या. केळीच्या बाजूने वारा होता. एक लागायची, दुसरी लावेपर्यंत पहिली विझायची. आईने पदर आडवा धरला, तरी विझायची. थोड्या वेळाने त्यांनी काडेपेटी डब्यात टाकली, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "चला. कुकर लावायचाय."

जानेवारीच्या बैठकीत विषय आला नाही. फेब्रुवारीच्याही नाही. दार मात्र उघडत होतं. पावती फाडली की उघडत होतं. जळगावहून, रावेरहून, खंडव्याहून जोडपी येऊ लागली, लग्नाआधीचे फोटो काढायला. पोरगी पांढऱ्या झग्यात, पोरगा सुटात, एक माणूस डब्यातून धूर सोडतोय, दुसरा झग्याचा घोळ हवेत उडवून पळतोय. दोरी त्यांच्यासाठी काढतात. बाकावर बसून, हात जोडून, डोळे मिटूनही फोटो काढतात. म्हणजे प्रार्थनेचं नाटक चालतं. सिस्टरबाईंचं घर समोरच. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बघत असतात. एकदा मला म्हणाल्या, "रोज एक लग्न लागतंय माझ्या चर्चमध्ये, आणि एकाचंही होत नाही."

मला त्या परदेशी फोटोंबद्दल बोलायचं आहे, कारण समितीचं सगळं शास्त्र त्यांच्यावर उभं आहे. तिकडे काय झालं ते मी काही जाऊन बघितलेलं नाही, वाचलेलं आहे. तिकडे माणसं हळूहळू उठून गेली. बाकं रिकामी झाली, छपरं गळायला लागली, आणि मग राहिलेल्या लोकांनी विचार केला की देव मानत नसलो तरी ही इमारत आपल्या आज्या-पणज्यांनी बांधली आहे, पाडायची कशी? तिथे पुस्तकं ठेवली, गाणी ठेवली. चांगलं केलं. श्रद्धा गेल्यावर जे उरतं त्याला त्यांनी सांभाळलं. पण आमच्याकडे श्रद्धा गेलेली नव्हती. ती पहिल्या बाकावर बसून मोठ्याने वाचत होती. मागच्या बाकावर दुसऱ्याच देवाची माणसं घोरत होती. बाकावर माणूस बसलेला असताना तुम्ही दोरी बांधलीत, आणि मग म्हणता, जागा रिकामी आहे, तिचं काय करावं?

आणि बुऱ्हाणपूरच्या लोकांनी तरी हे सांगू नये. शहरातली जुनी जामा मशीद बघायला लांबून लोक येतात, कमानी बघतात, फोटो काढतात, आणि अजान झाली की तिथे नमाज होते. पाहुणे बाजूला उभे राहतात. कुणाचंही काही बिघडत नाही. वारसा आहे म्हणून नमाज थांबवा, असं कुणी म्हणून तर बघावं! तिथे कुणी म्हणत नाही, कारण तिथे म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला माणसं आहेत. सिस्टरबाई एकट्या आहेत. समितीचा सगळा धर्मनिरपेक्षपणा एका एकट्या म्हातारीपुढे शूर झाला आहे.

यंदाच्या दिवाळीत मी घरी होते. न्हाणी पोतून झाली. बादलीत बराच चुना उरला. मी म्हटलं, मारुतीच्या ओट्याला नेऊ का? आईने कुंचा धुतला, बादली उचलली आणि रस्त्याकडे निघाली. मी मागे. वाटेत मावशी दिसली, तिच्या हातात बादली होती. शेजारची काकू निघाली. चर्चच्या मागच्या भिंतीशी, दवाखान्याच्या बाजूला, पाच जणी जमल्या आणि त्यांनी त्या लाल सुंदर विटेवर चुना मारला. पुरुषभर उंचीपर्यंत. एकीचा निळसर, बाकीच्यांचा पांढरा. पहारेकऱ्याने लांबून बघितलं आणि पाठ फिरवली. सिस्टरबाईंना गुडघ्यांमुळे यायला उशीर झाला. आल्या आणि थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कडेला सुटलंय. ते कोण मारणार, मी?"

समितीने ठाण्यात तक्रार दिली, वास्तू विद्रूप केल्याची. पाचही जणींना बोलावलं. मीही गेले. ठाणेदार तसा सभ्य होता, पण वैतागलेला.

"दीवार पे चूना किसने मारा?"

"आम्हीच. दर सालला आम्हीच मारतो, साहेब," आई म्हणाली. "आधीचा काढला तवा तुम्ही त्यांना बोलावलं होतं का?"

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, समज देतो म्हणाला आणि सोडून दिलं. परत येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढली होती ती. मी विचारलं, भीती वाटली का? म्हणाली, "वाटली. पण काय बोलायचं ते माहीत होतं."

आता समितीने नागरिकांची सभा बोलावली आहे, बुऱ्हाणपूरला, समितीच्या कार्यालयात, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी. वास्तूचे नियम कायमचे ठरवायचे आहेत. त्यांचा मसुदा तयार आहे. त्यात प्रार्थनेला कायमची बंदी आहे, आणि गावाने वास्तूच्या जवळ येऊन 'कोणतेही लेपन' करू नये असंही आहे. आमची मागणी दोन ओळींची आहे. रविवारी सकाळी आणि नाताळला दार उघडं राहील, ज्याला यायचं तो येईल. मागची भिंत गावाच्या चुन्याला सोडाल. बाकीचं तुमचे दिवे, तुमची सतार, तुमचे झगे, सगळं ठेवा. कुणाचंच काही हिसकावून घ्यायचं नाही आम्हाला.

सिस्टरबाईंना मी विचारलं, तुम्ही याल का सभेला? म्हणाल्या, "मी येऊन काय करू? मी मेल्यावर उघडतीलच. पेटीचा फोटो चांगला येईल त्या दिव्यांत." हसत म्हणाल्या, पण मी हसले नाही. गेल्या वर्षभरापासून त्यांना रस्ता ओलांडायला हात धरावा लागतो. हा नाताळ गेला तर पुढचा त्यांना मिळेलच असं मी म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणू शकत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्याकडेच, हे वाचणाऱ्याकडे. तुम्ही त्या चर्चसाठी माझ्या पत्रकावर सही केली असेल, तर या. तिथे सतार ऐकली असेल, तर या. तुमचा लग्नाआधीचा फोटो त्या बाकावर काढला असेल, तर तुम्ही यायलाच पाहिजे, नवऱ्याला-बायकोला घेऊन यायला पाहिजे. कोणत्या देवाला मानता ते कुणी विचारणार नाही. कुठल्याच देवाला मानत नसाल तर जास्तच गरज आहे तुमची. मोबाइलवरून पाठिंबा पाठवू नका, तो मोजत नाहीत. सभेत येऊन बसा, आमची मागणी मांडली की हात वर करा, आणि दार उघडायची वेळ अध्यक्षांनी तुमच्यासमोर लिहून त्याखाली सही करेपर्यंत तो हात खाली घेऊ नका.